कारंजेवाली, पुसदवाली, दिग्रसवाली : आपल्या घरातल्या हिजरतीची गोष्ट

मागच्या ईदनंतर दारव्ह्याच्या आमच्या घरी धाकट्या भावाने शजरा, म्हणजे घराण्याची वंशावळ, लिहायला घेतली. दिवाणखान्यात मोठा कागद पसरला. अब्बा सांगत होते, भाऊ लिहीत होता. अब्बांचे अब्बा, त्यांचे अब्बा, त्यांचे भाऊ, भावांची मुले. पाच पिढ्यांची नावे तासाभरात कागदावर आली. कोण पटवाऱ्याकडे कारकून होता, कोण जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा, कोणी शेत विकले, कोण हैदराबादला निघून गेला, हे सारे अब्बांना पाठ होते.

मी सहज विचारले, "अब्बा, तुमच्या दादीचे नाव काय?"

अब्बा थांबले. त्यांनी त्यांच्या दादीच्या मांडीवर बसून जेवण केले आहे. तिच्या हातच्या भाकरीची चव ते आजही सांगतात. पण नाव त्यांना आठवेना. फुफीला फोन लावला. फुफी म्हणाली, "अरे, त्यांना तर सगळे कारंजेवालीच म्हणायचे. आम्ही दादीमा म्हणायचो. नाव कोण घेणार?"

भावाने पेन खाली ठेवले. पणजोबांच्या नावाशेजारची जागा त्या दिवशी कोरीच राहिली.

त्यानंतर मी आमच्या मोहल्ल्यातील वयस्क स्त्रियांची आठवण करू लागले. पुसदवाली चाची. दिग्रसवाली भाभी. नेरवाली खाला. मंगरूळवाली मुमानी. उमरखेडवाली बडी अम्मी. ज्यांच्या घरी लहानपणी आम्ही शिरखुर्मा पोहोचवला, ज्यांनी आमच्या कानात तेल घातले, त्यांतल्या कितीजणींची खरी नावे मला ठाऊक आहेत? बोटांवर मोजण्याइतकी. प्रत्येकीचे गाव मात्र ठाऊक आहे.

वाचक भगिनी-बंधूंनो, तुमच्या घरीही असेच असेल. सून ज्या गावाहून आली, त्या गावाच्या नावाने तिला हाक मारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचे नाव परक्या पुरुषांच्या तोंडी जाऊ नये, ही त्यामागची अदब. पण ही टोपणनावे एकापुढे एक मांडली की एक नकाशा तयार होतो. कारंजा, दिग्रस, पुसद, नेर, आर्णी, उमरखेड, मंगरूळपीर, बुऱ्हाणपूर, नांदेड. दारव्ह्याच्या एका मोहल्ल्यात कुठकुठची माणसे येऊन मिळाली, हे कोणत्याही दप्तरापेक्षा या हाकांतून जास्त कळते. नकाशा शिल्लक राहिला आणि नावे पुसली गेली, अशी ही स्थिती आहे.

दमणी आणि शकुंतला

दारव्हा हे वऱ्हाडातले कापसाचे गाव. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद रूळमार्ग टाकला. ही गाडी कारंज्यावरून दारव्ह्याला येत असे आणि पुढे यवतमाळला जात असे. दारव्ह्याचे स्टेशन 'दारव्हा मोतीबाग'. एके काळी इथून पुसदकडेही फाटा जात असे. हीच आपली 'शकुंतला'. तिला 1994 च्या एप्रिलपर्यंत वाफेचे इंजिन ओढत होते.

शकुंतलेविषयी लिहिताना सगळेजण कापसाच्या गाठी, मँचेस्टरच्या गिरण्या आणि इंग्रज कंपनीची मालकी यांविषयी लिहितात. ते खरेच आहे. पण त्या छोट्या डब्यांतून आणखी एक वाहतूक चालत होती. कारंज्याची मुलगी दारव्ह्याला, दारव्ह्याची यवतमाळला, यवतमाळची मूर्तिजापूरला, अशा सुना या गाडीने सासरी गेल्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी परतल्या. बाळ घेऊन पुन्हा आल्या. रेल्वे नव्हती तेव्हा हाच प्रवास पडदा लावलेल्या दमणीतून होत असे. नवी रेल्वे आल्यावर सोयरिकीची गावे वाढली, लांबची स्थळे जवळची झाली. कापसाच्या गाठींची नोंद मालधक्क्यावर होत होती. पेटी, बिस्तरा आणि एक जानमाज घेऊन उतरलेल्या पोरीची नोंद कोण ठेवणार?

आपण 'स्थलांतर' म्हटले की डोळ्यांपुढे कोण येतो? ट्रंक उचलून मुंबईला निघालेला तरुण, आखाताच्या विमानात बसणारा मजूर, फाळणीच्या काळातील काफिला. जनगणना वेगळे सांगते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपले मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहणाऱ्यांची संख्या भारतात 45 कोटींहून अधिक होती, आणि त्यांत दर तीन जणांमागे साधारण दोन स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. म्हणजे या देशातला ठरावीक मुहाजिर पुरुष नाही. तो आपल्या घरातल्या चुलीपुढे बसलेला आहे आणि आपण त्याला 'घरची बाई' म्हणतो. जी जन्मली तिथे राहिलीच नाही, तिलाच आपण 'घर' समजतो.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा प्रश्न

स्त्रीच्या हिजरतीची नोंद का नाही, हा प्रश्न आजचा नाही. तो चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि विचारणारी स्त्री स्वतः मुहाजिर होती.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी दोन हिजरती केल्या. आधी हबशाकडे, मग मदिनेकडे. दुसऱ्या वेळी काय घडले हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. पती अबू सलमा (रजि.) यांच्यासोबत त्या निघाल्या, तेव्हा माहेरच्या टोळीने त्यांना अडवले. पती एकटे मदिनेला गेले. सासरच्या टोळीने लहान मुलगा ओढून नेला आणि त्या ओढाताणीत बाळाचा हात निखळला. पती एकीकडे, मूल दुसरीकडे, आई तिसरीकडे. जवळपास वर्षभर त्या रोज मक्केबाहेर जाऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत रडत. शेवटी एका नातलगाला दया आली, मूल परत मिळाले, आणि त्या बाळाला घेऊन उंटावर एकट्याच निघाल्या. तनईमजवळ उस्मान बिन तलहा भेटले. ते तेव्हा मुसलमान झालेले नव्हते. पण एकटी स्त्री आणि तान्हे मूल पाहून त्यांनी उंटाची दोरी हाती घेतली आणि अत्यंत अदबीने कुबापर्यंत सोबत केली.

याच उम्मे सलमा (रजि.) यांनी पुढे अल्लाहच्या प्रेषितांना (स.) विचारले की हिजरतीच्या संदर्भात अल्लाहने स्त्रियांचा उल्लेख केल्याचे मी ऐकत नाही. तिर्मिजीच्या हदीस संग्रहात हा प्रसंग नोंदलेला आहे. त्यावर सूरह आले इम्रानची 195 वी आयत अवतरली. तिचा आशय असा की, पुरुष असो वा स्त्री, कर्म करणाऱ्या कोणाचेही कर्म वाया जाऊ दिले जाणार नाही. ज्यांनी हिजरत केली, ज्यांना घरांतून काढले गेले, त्यांना त्याचा मोबदला मिळेल.

थोडे थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे. एका स्त्रीने आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या प्रवासाची दखल मागितली. तिला कोणी गप्प केले नाही, 'पुरुषांत तुमचाही समावेश आहेच' असे सांगून वाटेला लावले नाही. उत्तर थेट कुरआनात आले. सूरह मुम्तहिनामध्ये तर एकट्या हिजरत करून आलेल्या ईमानवंत स्त्रियांबाबत वेगळा हुकूम आहे. त्यांना तपासून घ्या आणि परत पाठवू नका. अर्थात स्त्री ही आपल्या पायांनी, आपल्या निर्णयाने निघालेली मुहाजिर असू शकते, हे तिथे गृहीत धरलेले आहे.

दुसरी आठवण हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांची. त्या हबशाहून जहाजाने मदिनेला परतल्या, तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की हिजरतीत आम्ही तुमच्या आधी आहोत, प्रेषितांवर (स.) आमचा हक्क अधिक. अस्मांना (रजि.) राग आला. तुम्ही प्रेषितांजवळ होता, आम्ही दूरच्या परक्या भूमीत भीतीत होतो, असे त्यांनी सुनावले आणि थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या. निर्णय असा मिळाला : त्यांची एक हिजरत, तुम्हा जहाजवाल्यांच्या दोन. पुढची गोष्ट तर आणखी लक्षात ठेवण्याजोगी आहे. जहाजातून आलेले सहाबा गटागटाने अस्मांकडे (रजि.) येत आणि ही हदीस पुन्हा पुन्हा ऐकत. आपल्या हिजरतीचा इतिहास ऐकण्यासाठी पुरुष एका स्त्रीच्या दारी येत होते.

एका स्त्रीच्या परवानगीने वसलेले शहर

मक्का शहराचीच सुरुवात पाहा. ओसाड दरी. तान्हे बाळ, थोडे खजूर, चामड्याच्या पिशवीत थोडे पाणी. हजरत हाजरा (अ.) यांनी इतकेच विचारले की हा अल्लाहचा हुकूम आहे का. 'होय' ऐकल्यावर म्हणाल्या, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. पाणी संपले, तेव्हा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या. जमजम फुटले. पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना पाहून जुरहुम टोळीचे लोक तिथे आले आणि त्यांनी वस्ती करण्याची परवानगी मागितली. बुखारीतील कथनानुसार हजरत हाजरा (अ.) यांनी परवानगी दिली, पण अट घातली की पाण्यावर तुमचा मालकी हक्क राहणार नाही.

म्हणजे मक्केच्या पहिल्या वस्तीची परवानगी एका एकट्या, परदेशी आईने दिली. आणि तिची आठवण कशी ठेवली गेली? पुतळा नाही, शिलालेख नाही. तिची धाव हाच इबादतीचा भाग झाला. बादशहा असो की हमाल, हजला किंवा उमराला गेलेला प्रत्येक माणूस तिच्या पावलांवर सात फेऱ्या करतो. दारव्ह्याहून गेलेले आपले हाजीसुद्धा. शहराने एका स्थलांतरित स्त्रीची स्मृती जपली याचे याहून मोठे उदाहरण जगात शोधून सापडणार नाही.

पुढच्या काळातही हा धागा तुटलेला नाही. खलिफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी हाजींच्या वाटेवर विहिरी आणि हौद बांधले, मक्केला पाणी आणले. कुफा ते मक्का ही वाट आजही 'दर्ब जुबैदा' म्हणून ओळखली जाते. ट्युनिशियातील कैरवानहून मोरोक्कोतील फेस शहरात आलेल्या एका कुटुंबातील फातिमा अल-फिहरी यांनी वारशात मिळालेल्या पैशातून इ.स. 859 मध्ये करवियीन मशीद उभारली असे परंपरा सांगते. तिथल्या मदरशाचे पुढे जगप्रसिद्ध विद्यापीठ झाले. नव्या शहरात आलेल्या मुलीने त्या शहराला आपली ओळख दिली.

आपल्या महाराष्ट्रातील शहरे

आता आपल्या शहरांकडे पाहू. 1857 च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांमुळे बनारस, मऊ, आजमगढकडील मोमिन विणकर दक्षिणेकडे आले. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूर आणि आपल्या नागपूरजवळचे कामठी ही त्यांची गावे झाली. इतिहासात आपण वाचतो की 'विणकर आले'. पण हातमागाचे काम ज्याने पाहिले आहे त्याला माहीत असते की एकटा विणकर काहीच विणू शकत नाही. सूत उकलायचे, कांड्या भरायच्या, ताणा तयार करायचा, आणि हे बहुतांश काम घरातल्या बायका-मुलींचे. माग पुरुषाच्या हाती दिसतो, त्याला सतत सूत पुरवणारे हात आतल्या खोलीत असतात. म्हणून विणकरांचे स्थलांतर कुटुंबासकट झाले. त्या स्त्रिया आल्या नसत्या तर मालेगावात मागाचा खटखटाट सुरूच झाला नसता.

मुंबईची गोष्ट उलटी. गिरण्यांत आणि गोदीत कोकणातले, घाटावरचे पुरुष एकटे आले. कोकणातील मुस्लिम घरांतून पुरुष जहाजावर खलाशी म्हणून गेले, पुढे 1970 नंतर आखातात. इथे बाईने गाव सोडले नाही, पण तिच्यावाचून पुरुषाला गाव सोडता आले नसते. भातशेती, म्हातारे सासू-सासरे, मुलांची शाळा, मनीऑर्डरचा हिशेब, हे सारे तिने सांभाळले. वर्षावर्षाने भेटणाऱ्या नवऱ्याची बायको हेही स्थलांतराचेच एक रूप आहे. ती जागची हलत नाही, पण तिचे सगळे आयुष्य त्या प्रवासाने ठरवलेले असते.

गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या कित्येकजणी स्वतः गाव सोडून आलेल्या. पहाटे उठून दहा-वीस माणसांचे डबे करणाऱ्या या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याआधी कित्येक दशके मुंबईच्या कामगाराला या स्त्रियांनी पोसले, पण 'कामगार' या शब्दात त्यांची गणना नव्हती.

आज दारव्ह्याच्या मुली नर्सिंगला, डी.एड.ला, अभियांत्रिकीला यवतमाळ, अमरावती, नागपूर, पुण्याला जात आहेत. वसतिगृहाच्या खोलीत डबा उघडून घरचे लोणचे खाणारी मुलगी हीदेखील मुहाजिरच आहे. तिच्या पणजीने पडद्याच्या दमणीतून केलेला प्रवास आणि तिचा एसटीचा प्रवास यांत फरक आहे, पण भीती आणि उमेद यांचे गाठोडे तेच आहे.

त्यांनी सोबत काय आणले?

नवी सून पेटीत कपडे आणते. डोक्यात आणि हातात जे आणते ते पेटीत मावत नाही.

बुऱ्हाणपूर-खानदेशकडून आलेल्या घरांत मटक्यावरचे मांडे होतात. हैदराबादशी सोयरीक असलेल्या घरांत खट्टी दाळ, दालचा आणि बगारा खाना होतो. आणि या साऱ्यांच्या शेजारी वऱ्हाडची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा असतोच. दस्तरखानावर बसलेले मूल नकळत तीन गावांचा भूगोल खात असते. तो भूगोल तिथे कोणी आणला? आजोबांनी नाही. ते तर त्याच घरात जन्मले आणि त्याच घरात वारले.

भाषेचेही तसेच. आपल्याकडचे 'हौ' आणि 'कायकू', मधूनच येणारा वऱ्हाडी शब्द, नमाजच्या दुआ, अंगाईगीते, हळदी-मेहंदीची गाणी, हे सारे मुलांना आईकडून आणि दादी-नानीकडून मिळाले. दख्खनमध्ये चक्कीवर दळताना आणि चरख्यावर सूत काढताना म्हणण्यासाठी सूफी परंपरेतून चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले, ते बायकांच्या ओठांवर जगले. मराठी मुलखातल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेरची वाट हा तर मोठा विषय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. सासरी गेलेल्या स्त्रियांनी स्वतः रचलेला तो स्थलांतराचा इतिहासच आहे. जाते गेले, गिरणी आली, आणि गाणाऱ्या स्त्रिया एकेक करून जात आहेत.

नाव राहिले नाही तर काय बिघडते?

कोणी म्हणेल, दादीवर प्रेम केले, तिच्यासाठी दुआ केली, नावाचे काय एवढे? अल्लाहला तर सगळ्यांची नावे माहीत आहेत.

अल्लाहला माहीत आहेतच. माहीत नाहीत ती आपल्याला, आणि त्याची किंमत बहुधा स्त्रियाच मोजतात.

पहिली गोष्ट हक्काची. सूरह निसामध्ये आई-वडिलांच्या मालमत्तेत स्त्रीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो वा जास्त. पण जी मुलगी दूरच्या गावी गेली, जिला तिथे फक्त 'अमक्या गाववाली' म्हटले गेले, तिचे नाव माहेरच्या सातबारावर वारस म्हणून लागत नाही, असे किती घरांत घडते हे आपणच आपल्याला विचारावे. भाच्यांना आत्याचे नाव ठाऊक नसते, तिथे तिचा हिस्सा कोणाच्या ध्यानात राहणार?

दुसरी गोष्ट कागदांची. 2019-20 मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीच्या नव्या नमुन्यात आई-वडिलांचे जन्मठिकाण आणि जन्मतारीख विचारण्याची चर्चा झाली, तेव्हा आपल्या घरांमध्ये किती धावपळ उडाली होती हे सगळ्यांना आठवत असेल. पुरुषांचे दाखले शाळेतून निघाले. स्त्रियांचे अडले. शाळेत एक नाव, निकाहनंतर दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे, मतदार यादीत नवऱ्याच्या नावापुढे भलतेच काही. ज्या बायकांनी आयुष्यात सर्वांत मोठा प्रवास केला, त्यांच्याकडेच त्या प्रवासाचा पुरावा नव्हता.

तिसरी गोष्ट मनाची. ज्या मुलीला घरच्या शजऱ्यात एकही स्त्रीचे नाव दिसत नाही, तिला हे घर आपण बांधले असे कधी वाटणार? फातिमा शेख यांचे उदाहरण घ्या. सावित्रीबाई फुले आजारी असताना माहेरी नायगावला होत्या. तिथून 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाला माझ्या मागे त्रास पडत असेल, अशा आशयाची काळजी त्यांनी व्यक्त केली. एका स्त्रीने दुसरीचे नाव पत्रात लिहिले. त्या एका ओळीमुळे पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासात एका मुस्लिम स्त्रीचे नाव टिकून राहिले. ती ओळ नसती तर आज आपण काय दाखवले असते?

आपण काय करू शकतो?

यासाठी मोठी संस्था लागत नाही. मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी 1988 मध्ये 'स्पॅरो' हे स्त्रियांच्या आठवणी, आवाज आणि छायाचित्रे जपणारे संग्रहालय सुरू केले. तसे काम प्रत्येक गावात होईल न होईल, पण प्रत्येक घरात एक वही नक्की होऊ शकते.

पहिले, शजऱ्यात स्त्रियांची नावे लिहा. तिचे नाव, तिच्या आईचे नाव, जन्मगाव, कोणत्या वर्षी आणि कशाने प्रवास करून या गावात आली. वर्ष आठवत नसेल तर खूण लिहा, जसे '1972 च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी'. वऱ्हाडात दुष्काळाची आणि नापिकीची वर्षे म्हाताऱ्या माणसांना तारखेपेक्षा पक्की आठवतात.

दुसरे, घरातल्या वयस्क स्त्रीजवळ बसा आणि मोबाइलवर आवाज नोंदवा. 'तुमच्या आयुष्याविषयी सांगा' असे विचारले तर त्या हसून 'आमचं काय सांगायचं' म्हणतील. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा. सासरी पहिल्या दिवशी काय शिजवले? पेटीत काय होते? माहेरची आठवण आली की काय करायचा? पाणी कुठून आणायचा? पहिले पत्र कोणी लिहून दिले? एका प्रश्नावर तासभर गोष्ट निघते. त्यांची परवानगी मात्र आधी घ्या. त्यांना सांगायचे नसेल ते विचारू नका.

तिसरे, निकाहनामे जपा. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या घरांतील जुन्या कागदांमध्ये स्त्रीचे पूर्ण नाव, तिच्या वडिलांचे नाव, गाव, मेहेरची रक्कम, वकील आणि साक्षीदार हे एकत्र मिळण्याची जागा हीच. काझी साहेबांच्या निकाह रजिस्टरांमध्ये तर गावोगावच्या सुनांचा प्रवास ओळीने मांडलेला असतो. ही रजिस्टरे वाळवीने खाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम जमातीच्या तरुणांनी, काझी साहेबांच्या परवानगीने, हाती घ्यावे.

चौथे, पुढची जनगणना 2027 मध्ये होणार आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा स्त्रियांची माहिती स्त्रियांनाच सांगू द्या. जन्मठिकाण, शिक्षण, काम. शिवणकाम, बिड्या वळणे, शेतात कापूस वेचणे, हे काम आहे, 'घरीच असते' असे उत्तर देऊ नका.

लोखंडी पेटीतला कागद

आमच्या शजऱ्यातली ती कोरी जागा पुढे भरली गेली. ती कशी भरली, हे सांगून थांबते.

फुफीच्या घरी माळ्यावर एक जुनी लोखंडी पेटी होती. तिच्यात शेतीच्या पावत्या, कोणाच्या तरी शाळेचा दाखला आणि तळाशी चौघडी केलेला पिवळा कागद निघाला. निकाहनामा होता हे शिक्क्यावरून कळले, पण वाचता येईना. मी आणि भाऊ दोघेही मराठी शाळेत शिकलो. कुरआन वाचतो, पण हाताने लिहिलेली जुनी उर्दू आमच्या डोळ्यांना लागत नाही. आपल्या घरचा कागद आपल्यालाच वाचता येऊ नये, याचे वाईट वाटले. शेवटी मोहल्ल्यातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. वराचे नाव. वराच्या वडिलांचे नाव. मग वधूचे नाव, वडिलांचे नाव, मुक्काम कारंजा.

अब्बा शेजारी बसले होते. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले. मग म्हणाले, "इतकं सुंदर नाव होतं, आणि आम्ही कधी हाकच मारली नाही."

ते नाव मी इथे छापत नाही. दादीमाला ते आवडले नसते. पण आमच्या शजऱ्यात ते आता मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे आणि त्यापुढे कंसात 'कारंजेवाली' असेही लिहिले आहे. ते दुसरे नावही तिचेच होते, तिच्या हिजरतीचे. गेल्या शब-ए-बरातला अब्बांनी फातिहा पढताना पहिल्यांदा तिचे नाव घेऊन दुआ केली.

तुमच्या घरातली कारंजेवाली, पुसदवाली, दिग्रसवाली अजून हयात असेल, तर हे पान वाचून झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा. चहा करून द्या आणि तिचे नाव विचारा. तिच्या आईचे नावही विचारा. अल्लाह आपल्या साऱ्या माता-भगिनींच्या हिजरती कबूल करो आणि त्यांना विसरण्याच्या गाफिलपणातून आपल्याला वाचवो. आमीन.